पिकतं तिथं विकत नाही

वही लांबट होती, लाल पुठ्ठ्याची. वाणी उधारी मांडतो तसली. साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवत. कोणतं मशीन कधी बंद पडलं, किती वेळ पडून राहिलं, कशामुळे, पुन्हा चालू करायला काय लागलं, असं सगळं त्यांनी नऊ वर्षं बॉलपेननं लिहिलं होतं. मी तेव्हा २४ वर्षांचा, तिथं येऊन तीन दिवस झालेले. त्यांची नोकरी ३१ वर्षांची. मला मात्र ते 'साहेब' म्हणत आणि त्यामुळे मला खुर्चीत नीट बसता येत नसे.

"काका, हे कधी वर दाखवलंत का?"

"दोनदा. म्हणाले, ठेवून जा."

चार आठवड्यांनी त्याच वहीतले आकडे निळ्या स्तंभांच्या एका स्लाइडवर चढले. कंपनीचे एमडी चष्मा कपाळावर सरकवून ती स्लाइड बघत राहिले आणि म्हणाले, "आजवर हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?" फोरमनकाका मागच्या रांगेत बसले होते. ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

एका बड्या सल्लागार फर्ममध्ये मी अडीच वर्षं काढली. तिचं नाव सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण आतून या सगळ्या एकाच वाड्यातल्या खोल्या वाटतात. वाड्याचा मूळपुरुष मात्र ठरलेला आहे. जेम्स मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. जमाखर्च म्हणजे झालेल्या गोष्टींची नोंद, ही तेव्हाची समजूत. त्यांनी १९२२ साली अंदाजपत्रकावर पुस्तक लिहून सांगितलं की हेच आकडे पुढचं बघायला वापरा. १९२६ मध्ये त्यांनी सल्लागार म्हणून स्वतःची पाटी लावली. १९३५ मध्ये मार्शल फील्ड या शिकागोच्या प्रचंड दुकानाला त्यांनी घाऊक विक्रीचा विभाग बंद करायचा सल्ला दिला. संचालक म्हणाले, मग तुम्हीच या आणि करून दाखवा. ते गेले. हजाराहून जास्त माणसं कमी केली, शिव्याशाप घेतले आणि १९३७ मध्ये न्यूमोनियानं वारले. वय ४८. पुढच्या पिढ्यांतल्या सल्लागारांनी क्लायंटच्या खुर्चीपासून जरा अंतर राखलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

मॅकिन्झींच्या फर्मला आजचा चेहरा दिला तो मार्विन बोवर यांनी. ते वकील. मंदीच्या काळात बुडीत निघालेल्या कंपन्यांच्या रोखेधारकांसाठी काम करताना त्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. कंपनी कुठं गळतेय हे खालच्या माणसांना ठाऊक असायचं, पण वरच्याला ते सांगायची कुणाची छाती नव्हती, आणि वरच्याला विचारायची सवय नव्हती. १९३३ मध्ये ते मॅकिन्झींकडे आले. म्हणजे हा अख्खा धंदा ज्या जागेवर उभा आहे, ती जागा म्हणजे माझ्या फोरमनकाकांच्या टेबलाचा खालचा खण. आपल्याकडे त्याला जुनी म्हण आहेच. पिकतं तिथं विकत नाही. मुंबईच्या बाजारात फिरवून आणलं की त्याच मालाला गावात भाव येतो.

बोवर यांना हा व्यवसाय वकिली किंवा डॉक्टरकी यांच्या पंगतीला बसवायचा होता. 'कंपनी' नाही, 'फर्म' म्हणायचं. 'गिऱ्हाईक' नाही, 'क्लायंट'. पोशाख गडद सूट, डोक्यावर हॅट, आणि मोजे इतके लांब की पायावर पाय टाकला तरी उघडी पोटरी दिसू नये. हे वाचून हसू येतं. पण मी रुजू झालो त्या आठवड्यात एका सीनियरनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "बॅग बदल. कॉलेजची दिसते." बोवर यांच्याबद्दल मला खरा आदर वाटतो तो मात्र वेगळ्या कारणानं. साठी गाठल्यावर, १९६३ मध्ये, त्यांनी आपले शेअर फर्मला पुस्तकी किमतीला परत विकले. बाजारभावानं विकून कितीतरी पटींनी श्रीमंत होता आलं असतं.

त्याच वर्षी बार्बरा मिंटो फर्ममध्ये आल्या. एमबीए झालेल्या बायकांपैकी मॅकिन्झीनं घेतलेल्या त्या पहिल्या. सहकाऱ्यांचं लेखन सुधारता सुधारता त्यांनी 'पिरॅमिड'ची पद्धत बसवली. उत्तर आधी, टोकावर. त्याखाली तीन-चार कारणं. त्या प्रत्येकाखाली पुरावे. मुद्दे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत आणि मधे फटही ठेवायची नाही. या नियमाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून झालेला 'एमईसीई' हा शब्द फर्ममध्ये लोक संध्यावंदनासारखा म्हणतात. फरशी बसवणाऱ्या गवंड्याला हा नियम न शिकवता कळतो, ही गोष्ट वेगळी. पण मराठी शाळेत 'प्रास्ताविक, मुख्य भाग, समारोप' असे निबंध लिहून आलेल्या मला निष्कर्ष पहिल्या ओळीत लिहायला आठ महिने लागले.

मुलाखतीत मला विचारलं होतं की मुंबईत रोज किती वडापाव खपतात. लोकसंख्या सव्वा कोटी धरली, त्यातले निम्मे कामाला बाहेर पडतात, त्यातला पाचातला एक वडापाव खातो, म्हणजे साडेबारा लाख. आकडा खरा की खोटा, कुणी बघितलं नाही. पायऱ्या बघितल्या. वर चढणारा माणूस कुठं अडखळतो, एवढंच त्यांना बघायचं असतं.

कामाची सुरुवातही तशीच. पहिल्या सोमवारी संध्याकाळी मॅनेजरनं कोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं पंधरा स्लाइड काढल्या. प्रत्येकीवर पूर्ण वाक्याचं शीर्षक, खाली रिकामे स्तंभ, तळाला 'स्रोत'. आकडे एकही नाहीत. ते यायचे होते. एका शीर्षकात लिहिलं होतं की नफा घटला तो कच्च्या मालाच्या भावामुळे. नवख्याला हे थोतांड वाटतं. मलाही वाटलं. पण नेमकं काय शोधायचं हे ठरल्याशिवाय तीन आठवड्यांत काहीच हाती लागत नाही, हेही खरं. धोका एकच असतो: रिकाम्या स्तंभात बसेल तेवढाच आकडा डोळ्याला दिसायला लागतो. आमच्या वेळी वही आडवी आली. कच्च्या मालापेक्षा बंद पडलेली मशीनं जास्त पैसे खात होती. मॅनेजरनं बुधवारी रात्री कागद फाडला आणि नवा काढला. तो भला माणूस होता. कागद फाडायला ज्यांचे हात धजत नाहीत, असेही पाहिले.

बाकीचं जगणं सांगायला फारसं नाही. सोमवारी पहाटे साडेचारला गाडी, बोरघाटात उजाडायचं, गुरुवारी रात्री परत, शुक्रवारी मुंबईच्या ऑफिसात. कारखान्यानं आम्हाला ट्रेनिंगची खोली दिली होती. खिडकी नाही, भिंतीवर गेल्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहाचा फलक. तिथं चौघं सकाळी नऊ ते रात्री एक. रात्री अकराला पार्टनर प्रिंटवर लाल पेननं खुणा करून फोटो पाठवायचे आणि निम्म्या खुणांपाशी एकच प्रश्न असायचा, 'सो व्हॉट?' म्हणजे, बरं मग? हा प्रश्न अंगात इतका मुरतो की घरी आई शेजारच्यांचं लग्न मोडल्याचं सांगत असताना मी मनात तेच विचारायला लागलो होतो. नारायण पेठेतल्या आमच्या काकूंना मात्र माझं काम अखेरपर्यंत पटलं नाही. "सल्ला देतोस? आणि त्याचे लोक पैसे देतात?" पुण्यात या मालाचा पुरवठा एवढा, की त्यांचा प्रश्न अर्थशास्त्राला धरूनच होता.

दर सहा महिन्यांनी मूल्यमापन. त्यात वर चढायचं, नाहीतर निघायचं. याला 'अप ऑर आउट' म्हणतात, आणि निघायला सांगण्याची भाषा इतकी मऊ असते की माझ्या एका मित्राला आपल्याला काढलंय हे दुसऱ्या दिवशी समजलं. पण काढलेल्याला फर्म टाकत नाही. चांगल्या घरी पाठवते, सणावाराला बोलावते, यादीत नाव जपते. कारण पाच-दहा वर्षांनी हीच माणसं मोठ्या कंपन्यांत मोठ्या खुर्च्यांवर असतात आणि अडचण आली की माहेरी फोन करतात. माहेरवाशिणींच्या जिवावर चालणारं असं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. १९९४ मध्ये मॅकिन्झीचे प्रमुख झालेले कोलकात्याचे रजत गुप्ता हे अमेरिकेबाहेर जन्मलेले पहिले प्रमुख. त्यांच्या काळात हे गोत जगभर पसरलं. पुढं, ते पद सोडल्यानंतर, गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळातली गुपितं फोडल्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

मुंबईकरांना मॅकिन्झी आठवते ती २००३ च्या 'व्हिजन मुंबई' अहवालासाठी. बॉम्बे फर्स्ट या उद्योजकांच्या संस्थेबरोबर केलेला तो अहवाल. २०१३ पर्यंत शहर जागतिक दर्जाचं करायचं, त्यासाठी सुमारे ४० अब्ज डॉलर. 'मुंबईचं शांघाय' हे शब्द त्या काळात रोज पेपरात असत. लोकल तुंबते, घरं परवडत नाहीत, कारभाराला एक धनी नाही: यातलं मुंबईकराला काय माहीत नव्हतं? पण ते रंगीत आलेखांत आलं आणि मंत्रालयात कार्यगट बसला. २००४-०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावर आलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनी शांघायचंच नाव घेतलं. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराच्या नाल्यांची क्षमता वाढवा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅडचा अहवाल, तोही सल्लागारांचाच, १९९३ पासून बऱ्याच अंशी कागदावर होता. तो करणारे इंजिनीअर होते आणि विषय गटारांचा होता. त्याला शांघायसारखं नाव कुणी दिलं नव्हतं.

सल्ल्याचं फळ दुसऱ्याच्या दारात पडतं, ही या कामातली सोय आहे. अमेरिकेत ओपिऑइड गोळ्यांचा खप वाढवण्याचा सल्ला औषध कंपन्यांना दिल्याच्या प्रकरणी मॅकिन्झीनं २०२१ मध्ये राज्यांना सुमारे ५७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय चौकशी मिटवायला आणखी ६५ कोटी. तिथंही कुठल्या तरी खोलीत माझ्या वयाची चार हुशार मुलं रात्री एक वाजता स्तंभ सरळ करत असणार. बरं मग, असं त्यांनीही दर स्लाइडला विचारलं असणार.

साताऱ्याच्या सादरीकरणात अठरावी स्लाइड माझी होती. शीर्षकात 'मनुष्यबळ सुसूत्रीकरण' असा शब्द. मशीनं कमी बंद पडली की दुरुस्तीला लागणारे ३६ कंत्राटी कामगार लागणार नव्हते. हिशेब बरोबर होता, मी तीनदा तपासला होता. त्या ३६ जणांपैकी एकालाही मी भेटलो नव्हतो. कॅन्टीनमध्ये आमचं टेबल वेगळं असे. फोरमनकाकांची माणसं होती ती. वही देताना त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी ती दिली असती का, हा विचार मला गुरुवारी रात्री परतताना खंबाटकीच्या घाटात आला, आणि शुक्रवारी पुढचं काम मिळाल्यावर गेला.

वही माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली होती. फर्म सोडताना सामान आवरायला घेतलं तेव्हा सापडली. कुरिअरनं पाठवली. चार दिवसांनी फोन आला.

"साहेब, वही पोचली. दोन पानं सुटी झालीत, ती चिकटवतो. शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं त्रिकोण काढलेत. ते लागतील का तुम्हाला?"

खोडून टाका, म्हटलं.