आपल्याला काय कळतंय त्यातलं?

बचतगटाच्या कामानिमित्त कामशेत, कार्ल्याकडच्या गावांत माझं जाणं-येणं असतं. गप्पांत गाण्याचा विषय निघाला की बायकांचं एक वाक्य ठरलेलं. "ताई, ते शास्त्रीय-बिस्त्रीय आपल्याला काय कळतंय?" गंमत म्हणजे याच बायका रात्री भजनात टाळ धरून बसतात आणि शेवटी भैरवी झाल्याशिवाय उठत नाहीत!

उलट तऱ्हा शहरी मैत्रिणींची. 'सैराट'ची गाणी लागली की पाय थिरकतात, पण चारचौघींत कबूल करायची लाज वाटते.

मोठमोठ्या गवयांनी मात्र ही भिंत कधी मानली नाही. पं. जितेंद्र अभिषेकी आमच्या लोणावळ्यात गुरुकुल पद्धतीनं शिष्यांना शिकवत, हे इथल्या नव्या पिढीला ठाऊकही नसतं. बुवा मैफलीत ख्याल गात आणि 'मत्स्यगंधा' (१९६४), 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांसारख्या नाटकांना चालीही देत. पोळ्या लाटताना सहज ओठांवर याव्यात अशा त्या चाली! २०१५ साली 'कट्यार'वर चित्रपट आला आणि कॉलेजातली मुलं मोबाईलवर नाट्यपदं ऐकू लागली. भीमसेनजी तर 'बसंत बहार' (१९५६) चित्रपटात मन्ना डेंबरोबर गायले, आणि कथेच्या सोयीसाठी त्यांच्याकडून हरलेसुद्धा. सिनेसंगीतानं लोकांचे कान बिघडवले, अशी ओरड होत असताना कुमार गंधर्वांनी लतादीदींवर लेख लिहिला. कान बिघडले नाहीत, उलट सुधारले, असं त्यांचं म्हणणं. मग आपणच कशाला संकोचायचं?

प्रश्न आहे तो वेळेचा, आणि तो खरा आहे. १९५३ पासूनचा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. लोणावळ्याहून जाणाऱ्यांना ते सोयीचंच होतं, पहाटेच्या लोकलनं परत यायचं. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे बहुतेक दिवशी गाणं रात्री दहाला आटोपतं. पण शेवटचा गवई रंगात येतो तेव्हाच आमचं घड्याळाकडे बघणं सुरू होतं. पुरुष उशिरा आला तर "मैफलीला गेला होता". बाई आली तर "एवढ्या रात्री कुठे होतीस?"

म्हणून आम्ही आठजणींनी गुरुवारची दुपार धरली आहे. जेवणाची भांडी आवरली की संध्याकाळच्या चहापर्यंतचा वेळ आपला. एकीच्या घरी जमायचं, मोबाईलला स्पीकर जोडायचा. आधी एक राग, मग त्याच रागातलं सिनेमातलं गाणं. भाषण नाही, परीक्षा नाही. परवा भीमसेनजींचा मालकंस लावला. (रात्रीचा राग भरदुपारी म्हणून जाणकारांनी खुशाल नाक मुरडावं. रात्री आम्हाला कोण सोडतंय?) पाठोपाठ 'बैजू बावरा' (१९५२) मधलं रफीसाहेबांचं मालकंसातलं भजन. ते भजन नौशादांच्या चालीचं आणि शकील बदायुनींच्या शब्दांचं. ऐकता ऐकता भजनी मंडळातल्या मावशी एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या अभंगाची चाल!" आणि त्यांनी अभंगाला सुरुवातच केली. दहा मिनिटं स्पीकर बंद होता. आपल्याला कळत नाही म्हणणाऱ्या त्या याच मावशी!

पुढच्या गुरुवारी भूप ठरलाय, आणि सोबत 'भाभी की चूडियाँ' (१९६१) मधलं सुधीर फडक्यांचं संगीत, लतादीदींचा आवाज. मावशींनी मात्र जाताना दारातूनच विचारलं, "ते सैराटवालं कधी लावणार गं?"