कागदावरची दुरुस्ती स्वस्त, थानावरची महाग

माझा भाचा ग्राफिक डिझाइनचा कोर्स करतो. मागच्या वर्षी वर्गात त्याला एखाद्या खऱ्या दुकानाची पाटी तयार करण्याचे काम मिळाले. त्याने जिंतूरचे आमचे कापडाचे दुकान निवडले. आठ रात्री जागून केलेला तो कागद शिक्षकांनी तांबड्या शाईने पाच शेरे मारून परत केला आणि सोमवारपर्यंत नव्याने आणण्यास सांगितले. पोरगा शनिवारी जिंतूरला आला तो हिरमुसूनच. "मामू, सरांना माझे कामच आवडत नाही. कोर्स सोडतो, दुकानात बसतो," म्हणाला. त्याचे वडील शिंपीकाम करतात. फी त्यांनी कशी उभी केली हे घरात सर्वांना माहीत आहे.

आपल्याकडची मुले आता या शिक्षणाकडे वळू लागली आहेत, म्हणून हा अनुभव मांडत आहे. हा विषय काही कालचा नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. काम दाखवायचे, दोष ऐकायचे आणि पुन्हा करून आणायचे, हा या शिक्षणाचा भागच आहे.

उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला तर 'इस्लाह' शब्द ओळखीचा आहे. शागीर्द आपली गझल उस्तादाला दाखवी आणि उस्ताद त्यातला शब्द बदली. मुन्शी हरगोपाल तफ्ता आपले शेर गालिबकडे टपालाने पाठवीत आणि गालिब दुरुस्त करून परत धाडीत. खुशखती शिकणारी मुले तख्तीवर मश्क करीत आणि उस्ताद चुकलेल्या अक्षराशेजारी बरोबर अक्षर काढून देई. त्यात अपमान कोणी मानीत नसे. उस्तादाने इस्लाह देणे बंद केले, तर मात्र शागीर्दाला काळजी वाटे.

आपल्या कापडाच्या धंद्यातही हेच आहे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरूत नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात आणि त्यावरून धाग्यांचा जाला बांधतात. कागदावर एक चौकट चुकली तर खोडरबराने निघते. तीच चूक जाल्यात गेली की विणताना प्रत्येक बुट्टीत उतरते.

माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दुकानासाठी कापडी पिशव्या छापायच्या होत्या. नमुना पाहून मुनीम म्हणाला, गर्द निळ्यावर काळा फोन नंबर दिसणार नाही. मी म्हटले, तू तुझी खातेवही बघ. पाचशे पिशव्या आल्या आणि नंबर कोणालाच वाचता येईना. छापणाऱ्याचा काही दोष नव्हता. मुनीमाचे फुकटचे बोल ऐकले असते तर पैसे वाचले असते. हे भाच्याला सांगितले तेव्हा तो प्रथमच हसला. मग आम्ही कागद गल्ल्यावर पसरला आणि एकेक शेरा घेतला.

पहिला शेरा : लांबून वाचता येत नाही. हे खरे की खोटे, यावर वाद घालायचे कारणच नाही, ते मोजता येते. पाटी दहा फूट लांब होणार आणि कागदावर ती एक फूट, म्हणजे दहावा हिस्सा. रस्त्यापलीकडचे गिऱ्हाईक चाळीस फुटांवर असेल, तर कागद चार फुटांवरून वाचता आला पाहिजे. भिंतीला चिकटवून शेजारच्या दुकानदाराला बोलावले. दुकानाचे नाव त्याने वाचले, खालची ओळ वाचता आली नाही.

दुसरा शेरा : रंग फार. सहा रंग होते. हीच पाटी उद्या पिशवीवर आणि बिलावर छापली जाणार. पिशवीच्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि तेवढा खर्च वाढतो. भाच्याने दोनच रंग ठेवले.

तिसरा शेरा : मराठी अक्षरे इंग्रजीपेक्षा लहान. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक झाले असून देवनागरी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. तशीच पाटी लावली असती तर कारवाई माझ्यावर झाली असती. मराठीसोबत दुसरी लिपी ठेवता येते. पातूर (जि. अकोला) नगरपरिषदेच्या पाटीवरील उर्दूला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली आहे.

चौथा शेरा : गावाचे नाव चुकले आहे. 'जिंतूर'मधली ऱ्हस्व वेलांटी 'ज'च्या आधी येण्याऐवजी मागे पडली होती. इलस्ट्रेटर, फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये भारतीय व उर्दू लिपींची सोय सेटिंगमध्ये चालू नसेल तर असे होते. उर्दूची अक्षरे तर सुटी-सुटी पडतात. रोज पाहिलेले नाव असल्याने भाच्याच्या नजरेतून ते सुटले.

पाचवा शेरा : उर्दू ओळ वाकडी आहे, सरळ करा. येथे मात्र भाचा बरोबर होता. ओळ नस्तालीकमध्ये होती आणि नस्तालीकचे शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत येतात. तो त्या लिपीचा स्वभावच आहे. नस्ख वळणात ओळ सपाट बसते. सरांना उर्दू येत नसावी. भाचा म्हणाला, "तोंडावर सांगतो त्यांना." मी म्हटले, तोंडावर नको, कागदावर सांग. त्याने तीच ओळ नस्तालीक आणि नस्ख दोन्हींत छापली, खाली चार ओळींची टीप लिहिली आणि शेवटी, 'कोणती ठेवावी, कृपया सांगावे,' असे विचारले.

सोमवारी त्याने दोन्ही कागद नेले, जुना आणि नवा. सरांनी चार दुरुस्त्या मान्य केल्या. नस्तालीकची टीप दोनदा वाचली आणि म्हणाले, हे मला माहीत नव्हते, ओळ अशीच ठेव, पण मग तिच्या वर-खाली जागा जास्त सोड. ही सूचनाही योग्यच होती, कारण नस्तालीकला उंची लागतेच. गुण बरे मिळाले. शिवाय नवा शेरा आला : फोन नंबर कडेला फार चिकटला आहे.

ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. मूल शेरे घेऊन आले की लगेच मुलाची बाजू घेऊ नका आणि शिक्षकाचीही घेऊ नका. कागद मागून घ्या. जे मोजून पाहता येते ते मोजा. कायदा आणि शुद्धलेखन यांत वाद घालू नका. जेथे मुलाचे म्हणणे खरे वाटते तेथे त्याला अदबीने, पुराव्यासह लिहायला सांगा. रागाच्या भरात पहिल्या दिवशी उत्तर देऊ देऊ नका आणि जुना कागद फाडू देऊ नका, कारण सुधारणा किती झाली हे त्यावरूनच दिसते.

भाच्याने सोमवारी संध्याकाळी फोन केला. "मामू, या वेळी एकच शेरा आहे," म्हणाला. नंबर आत सरकवून त्याने पाटी पाठवली तेव्हाच मी रंगाऱ्याला बोलावले.