नमुना 1 मधील तेर

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे गाव एके काळी नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख तगर या नावाने येतो. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, आणि पुढे कोकणात राज्य करणारे शिलाहार राजेही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरूद अभिमानाने मिरवीत. आज मात्र कायद्याच्या लेखी तेर हे गाव आहे. येथील रस्त्यावर उजेड असेल की नाही आणि नळाला शुद्ध पाणी येईल की नाही, हे पुष्कळ अंशी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकावर, म्हणजे दप्तराच्या भाषेत ‘नमुना 1’ वर, अवलंबून असते.

सार्वजनिक सुरक्षितता म्हटली की प्रथम पोलीस डोळ्यांसमोर येतात. परंतु या अंदाजपत्रकात त्यांचा खर्च सापडत नाही. पोलीस ठाणे राज्य शासनाच्या तिजोरीतून चालते, आणि 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार नेमलेल्या पोलीस पाटलाचे मानधनही शासनच देते. ग्रामपंचायतीकडे उरते ते गुन्हा, अपघात किंवा साथ उद्भवण्यापूर्वीचे काम: दिवाबत्ती, पाणी, गटारे, कचरा. वृत्तपत्रांत या कामाची बातमी सहसा ते बंद पडल्यावरच येते.

दिवाबत्तीचे उदाहरण बोलके आहे. खांब उभारणे हा एकदाचा खर्च असतो आणि त्यासाठी एखाद्या योजनेतून निधी मिळू शकतो. वीजबिल मात्र दर महिन्याला येते आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. 2021 मध्ये राज्यात पथदिव्यांच्या थकीत बिलांवरून महावितरणने अनेक गावांची वीज तोडली, ती बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून भरावीत असे शासनाने सांगितले, आणि विकासकामांचा पैसा बिलांत जाणार म्हणून सरपंचांनी त्यास विरोध केला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते; पण वाद मिटेपर्यंत अंधारातून जावे लागले ते शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना आणि पहाटे दूध घालायला निघालेल्यांना.

पाण्याची गोष्ट याहून बारीक आहे. नळयोजनेच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. नंतर गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात, आणि पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावे असा दंडक आहे. पावडरची पिशवी दमट खोलीत उघडी राहिली तर क्लोरीन उडून जातो आणि पांढरी भुकटी तेवढी उरते; म्हणून पावडर किती घेतली याइतकेच ती कोठे आणि कशी ठेवली हेही महत्त्वाचे ठरते. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला जोखमीनुसार हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतो. अंदाजपत्रकातील एका छोट्या ओळीचे प्रगतिपुस्तकच ते.

या सर्वांसाठी पैसा येतो तो ‘ग्रामनिधी’त, आणि त्याचे मुख्य प्रवाह दोन. पहिला अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे निम्मी स्वच्छतेवर आणि निम्मी पाण्यावरच खर्चायची. उरलेल्या 40 टक्क्यांतूनही पगार व आस्थापना खर्च करण्यास मनाई होती. दुसरा प्रवाह स्वउत्पन्नाचा. कर भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी अशा रकमा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. घरपट्टी भरणारा माणूस नेमके कशाचे पैसे देत आहे, हे त्या पावतीइतके स्पष्ट क्वचितच कोठे लिहिलेले आढळेल. स्वउत्पन्नातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. तरीही फुटलेली जलवाहिनी त्याच दिवशी दुरुस्त करणे किंवा जळालेला दिवा बदलणे यासाठी हाताशी असतो तो मुख्यतः हाच पैसा. म्हणून घरपट्टीची थकबाकी वाढली की गावाची निर्णयशक्तीच आटते, मग अनुदान कितीही येवो.

तेरच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. संत गोरोबाकाकांची समाधी येथे असल्याने चैत्रातील यात्रेला वारकऱ्यांची मोठी गर्दी होते. त्या ऐन उन्हाळ्यात टाकीवरचा ताण वाढतो, कचरा वाढतो, आणि रात्रभर दिवे लागतात. पण ‘नमुना 8’, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, गावातील घरे आणि मिळकती मोजते. पाहुण्यांसाठी तीत रकाना नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 124 यात्रेकरूंवर कर बसवण्याची मुभा देते खरी. परंतु पायी आलेल्या वारकऱ्याकडे गोरोबाकाकांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन जाणे कोणत्या सरपंचाला जमेल? यात्रेच्या त्या दिवसांचा पुष्कळसा भार मग तेरकरांच्या घरपट्टीवरच पडतो.