पुलावरचा आकडा आणि वस्तीचा उंबरा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक आकडा विचारला जातो. "किती झालं?" एवढाच प्रश्न. उत्तरही तेवढेच. "बत्तीस." "छत्तीस." हा आकडा म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी मोजलेली पाण्याची पातळी, फुटांत. पूल 1929 सालचा आहे. 40 फुटांना इशारा पातळी म्हणतात, 45 फुटांना धोका पातळी. शहराची सगळी पूरव्यवस्था या दोन आकड्यांभोवती फिरते.

मी ज्या वस्तीत वाढलो ती नदीच्या अंगाच्या सखल भागात आहे. आमच्या गल्लीत पाणी शिरते ते 40 फूट होण्याआधी. शहराला जेव्हा इशारा मिळतो, तेव्हा आमच्या चुली विझलेल्या असतात. शहराला जेव्हा धोका जाहीर होतो, तेव्हा आमच्या दाराची चौकट पाण्याखाली गेलेली असते. शाळेत असताना मला याचे कोडे पडे. आज त्याच शहरात मी मुलांना भूगोल शिकवतो आणि मला वाटते, की तो प्रश्न पोरकट नव्हता. हा धोका नेमका कोणाच्या उंबऱ्यावरून मोजला आहे? पुराची चर्चा आपण याच प्रश्नापासून सुरू केली पाहिजे.

आधी पूर येतो कसा ते समजून घेऊ. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या धुवांधार पावसाचे पाणी घेऊन उतरतात. घाटातला उतार तीव्र; पण सांगलीच्या मैदानात आल्यावर नदी संथ होते, वळणे घेते. वरून येणारे पाणी वेगाने येते आणि पुढे जाणारे पाणी सावकाश जाते. त्यातच खालच्या नद्याही तुडुंब असल्या, की पाण्याला तुंब येते. म्हणून सांगलीचा पूर ढगफुटीसारखा एका तासात येऊन जात नाही. तो इंचाइंचाने चढतो, दिवसेंदिवस मुक्काम करतो आणि इंचाइंचाने उतरतो. याचा दुसरा अर्थ असा, की तयारीसाठी वेळ मिळतो. वेळ असूनही माणसे अडकत असतील, तर दोष केवळ पाण्याचा नसतो.

दुसरी गोष्ट धरणांची. कोयना धरणाची क्षमता सुमारे 105 टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. विसर्ग मोजतात तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. एक लाख क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले तर साधारण साडेआठ टीएमसी पाणी धरणाबाहेर पडते. हा साधा गुणाकार आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवा, कारण रेडिओवर आकडा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. धरणाकडून आपण दोन विरुद्ध अपेक्षा करतो. शेतीला, विजेला उन्हाळाभर पाणी पुरावे म्हणून ते भरलेले हवे. पूर थोपवावा म्हणून त्यात रिकामी जागा हवी. ऑगस्टच्या प्रारंभीच धरणे भरत आलेली असली आणि त्यावर पुन्हा मोठा पाऊस कोसळला, तर दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. 2019 साली हेच घडले. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पलीकडे गेले. त्याआधीचा मोठा पूर 2005 सालचा, तेव्हा ते 53 फुटांवर होते. आणि 2021 च्या जुलैत ते पुन्हा 55 च्या आसपास पोहोचले.

तिसरी गोष्ट नाल्यांची. पुस्तकात वाचून आपला समज होतो, की पूर नदीचा काठ ओलांडून समोरून येतो. प्रत्यक्षात सखल वस्तीत तो मागच्या दाराने येतो. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी ज्या नाल्यांतून नदीला मिळते, त्याच नाल्यांतून नदी फुगल्यावर पाणी उलटे शिरते. म्हणून आमच्या घरात पहिले जे पाणी येते ते कृष्णामाईचे नसते. ते गटाराचे असते. शहराच्या मध्यभागी लोक पूर पाहायला पुलावर गर्दी करतात, तेव्हा आम्ही गुडघाभर मैल्यातून पेट्या डोक्यावर घेऊन निघालेलो असतो.

आता शहराची तयारी पाहू. ती काहीच नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यापूर्वी बैठका होतात, आराखडा छापला जातो, नालेसफाई होते, नियंत्रण कक्ष उघडतो, बोटी तपासल्या जातात. निवारा केंद्रे म्हणून शाळा ठरवल्या जातात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 साली झाला, त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये निर्बंध. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा आला की पंचवीस वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दर वर्षी तेवढी शक्यता असते, एवढाच त्याचा अर्थ. 2019 नंतर अवघ्या दोन वर्षांत 2021 आले, हे आपण पाहिलेच. 2019 च्या पुराची कारणे तपासण्यासाठी नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले.

अतिक्रमण हा शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. भराव टाकून, नाला वळवून उभी राहिलेली इमारत हेही अतिक्रमण आणि जागा मिळाली नाही म्हणून नाल्याकाठी घातलेले चार पत्र्यांचे छप्पर हेही अतिक्रमण. कायद्याच्या वहीत दोघांना एकच शब्द आहे. पहिल्याच्या भरावाने पाणी दुसऱ्याच्या घरात ढकलले जाते, याची नोंद त्या वहीत नसते. गावात आमची वस्ती गावकुसाबाहेर होती. शहरात आलो तेव्हा जी जागा कोणाला नको होती ती आमच्या वाट्याला आली. आमच्या गल्लीत बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुसलमान आहेत, भटके आहेत, कर्जाने गाव सोडलेला मराठा शेतमजूरही आहे. पूर जात पाहून शिरत नाही हे खरे. पण तो ज्या जमिनीवर आधी शिरतो, ती जमीन जात आणि गरिबी पाहूनच वाट्याला आलेली असते.

अधिकाऱ्यांची एक कायमची तक्रार असते: "सांगूनही लोक हलत नाहीत." ही तक्रार खरी आहे. 2019 साली माझी आईही हलायला तयार नव्हती. पाणी उंबऱ्याला लागले तरी ती पेटीवर बसून राहिली. मी रागावलो, ओरडलो. शेवटी ती म्हणाली, "आरं, म्हाईत हाय मला ती शाळा. पाण्याच्या हौदाला हात लावू देत न्हाईत तितं. हितंच मरू दे मला."

मला 2005 आठवले. त्या वर्षी आम्ही ज्या निवाऱ्यात होतो तिथे कोणी कोणाला शिवीगाळ केली नाही, मारहाण केली नाही. फक्त हौदाजवळच्या बायका आमच्या बायकांना म्हणाल्या, "आमचं होऊ द्या, तुम्ही मागनं या." आणि आमच्या बायका तीन दिवस मागून गेल्या. हे कोणत्याही अहवालात आलेले नाही, येणारही नाही. पण चौदा वर्षांनी तेच वाक्य माझ्या आईला पुराच्या पाण्यात बसवून ठेवते. ती उतरली ती शेजारच्या पोरांनी उचलून बोटीत घातली म्हणून. ज्या समाजाने महाडला 1927 साली पाण्याचा हक्क मागितला, त्या समाजाची म्हातारी पुराच्या पाण्यात बसून पिण्याच्या पाण्याला घाबरते, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. हे केवळ आमच्या शहरापुरते नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिनम भागात दलितांना मदतछावण्यांत वेगळे वागवले गेल्याच्या नोंदी झालेल्या आहेत.

पाणी उतरल्यावर दुसरा पूर येतो, तो कागदांचा. पंचनामा होतो. 2019 साली शहरी भागातल्या पूरग्रस्त कुटुंबाला 15 हजार आणि ग्रामीण भागातल्या कुटुंबाला 10 हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झाले. पण कुटुंब कोणते? घरपट्टी मेलेल्या आजोबाच्या नावावर, शिधापत्रिकेवर दोन भावांची एकत्र नावे, भाडेकरूच्या हाती भाड्याची पावती नाही. एका कचेरीत मी आमच्या गल्लीतल्या विधवेबरोबर चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी नवा कागद मागितला गेला. शेवटी ती म्हणाली, "सायेब, कागद व्हता. त्योबी पुरात गेला." माझ्या वर्गातल्या एका मुलीचा जातीचा दाखला त्या चिखलात लगदा झाला. ज्या दाखल्याच्या आधारावर तिची शिष्यवृत्ती आणि पुढचा प्रवेश, तो पुन्हा मिळवायला तिच्या बापाचे दहा दिवसांचे खाडे झाले. मदतीच्या रकमेत या खाड्यांचा हिशेब धरलेला नसतो.

आणि मग सफाई. पूर ओसरला की शहरभर फूटभर चिखल, मेलेली जनावरे, कुजलेले धान्य. 2019 साली इतर महापालिकांतूनही सफाई कामगार सांगली-कोल्हापुरात आले आणि त्यांनी ही शहरे धुऊन काढली. हे कामगार बहुतांशी कोणत्या समाजाचे असतात हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. अशा चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाच्या साध्या भेगेतून जंतू शरीरात शिरतात. म्हणून गमबूट, हातमोजे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या या त्यांच्या हक्काच्या वस्तू आहेत, कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्याचे स्वतःचे घर पाण्यात आहे असा कामगार बाजारपेठ धूत असतो. त्याच्या गल्लीत टँकर सर्वांत शेवटी पोहोचतो.

पुराचा विचार हा इंजिनिअरांचा विषय, आपला नव्हे, असे आपल्यातले काही तरुण म्हणतात. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1943 साली दामोदर नदीला मोठा पूर आला. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची पायाभरणी त्यांच्या खात्याने केली. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद झाली, तिथेही त्यांची भूमिका स्पष्ट होती: पाण्याला केवळ शत्रू मानून बांधांनी कोंडण्याची दृष्टी अपुरी आहे, ते साठवून त्याचा शेतीला, विजेला, जलवाहतुकीला उपयोग झाला पाहिजे. पुराकडे दैवाचा कोप म्हणून नव्हे, तर नियोजनाचा प्रश्न म्हणून पाहण्याचा हा वारसा आपलाच आहे.

मग आपण काय करावे? आमच्या गल्लीत 2019 नंतर आम्ही एक साधे काम केले. विजेच्या खांबावर रंगाने खुणा केल्या. पुलाशी अमुक फूट झाले की पाणी या खांबाशी येते, तमुक फूट झाले की त्या दाराशी. जुन्या बायकांनी हे आकडे सांगितले. कोणत्याही नकाशापेक्षा त्यांची आठवण पक्की निघाली. त्यावरून गल्लीने स्वतःची इशारा पातळी ठरवली, शहराच्या बरीच खाली. तो आकडा आला की प्रथम म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि अपंग हलतात. दाखले, शिधापत्रिका, पासबुके यांच्या प्रती प्रत्येक घराने उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवल्या आहेत. शाळेतल्या पोरांनी गल्लीतल्या प्रत्येक घराची यादी केली, भाडेकरूंसह. 2021 साली पंचनाम्याला माणसे आली तेव्हा ती यादी त्यांच्यापुढे ठेवली. सगळे मिळाले असे नाही; पण घर वगळले गेले नाही.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. खांबावरच्या खुणेने पाणी थांबत नाही. सुरक्षित उंचीवर घरांची जागा, भराव टाकणाऱ्यांवर कारवाई, निवाऱ्यात एका नळावर सर्वांचा सारखा हक्क आणि तो नाकारणाऱ्यावर गुन्हा, या मागण्या लढूनच मिळवाव्या लागतील. पण लढायचे तर आपला आकडा आपल्याला माहीत हवा. प्रत्येक नदीकाठच्या शहरातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्याआधी आपापल्या वस्तीत जाऊन तो काढावा.

2021 च्या जुलैत पाणी चढू लागले तेव्हा आईने मला विचारले, "किती झालं?" मी पुलावरचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "त्यो न्हवं रं. आपला सांग."