विजेचा प्रेशर कुकर : किफायत किती, खर्च किती?

धंदा करणारा माणूस दुकानातील पै-पैचा हिशेब ठेवतो, पण घरात आणलेल्या यंत्राचा हिशेब बहुधा ठेवत नाही. विजेवर चालणारा प्रेशर कुकर आता लहान गावांच्या बाजारातही दिसू लागला आहे. कुणी म्हणतो गॅस वाचतो, कुणी म्हणतो बिल वाढते. दोघेही मोजून बोलत नाहीत. आम्ही कापडवाले पन्ना आणि पोत पाहिल्याशिवाय ताका उचलत नाही. या यंत्राचीही तशीच पारख केली पाहिजे.

यंत्र चालते कसे?

उघड्या भांड्यातील पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसवर उकळते. आच कितीही वाढवली तरी ते त्याहून गरम होत नाही, फक्त वाफ जास्त उडते. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचे तापमान १०० च्या वर जाते. म्हणून कडक चणे आणि निबर गोश्त लवकर शिजते. हे तत्त्व जुने आहे. डेनिस पापिन या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये असे बंद भांडे करून दाखविले होते.

गॅसवरच्या कुकरमध्ये जादा वाफ शिट्टीवाटे निघून जाते. विजेच्या कुकरमध्ये दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की वीज आपोआप बंद होते, दाब उतरला की पुन्हा सुरू होते. त्यामुळे शिट्टी होत नाही, वाफ फारशी वाया जात नाही आणि जवळ उभे राहावे लागत नाही. मात्र बहुतेक विजेच्या कुकरचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो. म्हणून तोच पदार्थ शिजायला काही मिनिटे जास्त लागतात. झटपट स्वयंपाकासाठी हे यंत्र घेणाऱ्याची निराशा होईल. खरा फायदा फुरसतीचा आहे. बटण दाबून माणूस मागावर, शिलाईवर किंवा मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देऊ शकतो.

विजेचा आणि गॅसचा ताळेबंद

पाच-सहा लिटरचा कुकर साधारण १००० वॅटचा असतो. तो सलग एक तास चालला तर एक युनिट वीज जळेल. पण तो सलग चालत नाही. दाब येईपर्यंत वीज पूर्ण जळते, नंतर अधूनमधून. दोन किलो ऐवज, म्हणजे डाळ किंवा गोश्त पाण्यासकट, शिजवायला सुमारे एक तृतीयांश युनिट धरावे. दिवसाला असे दोन पदार्थ केले तर महिन्याला २० युनिट होतात.

आता गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातील उष्णता विजेच्या भाषेत सुमारे १८० युनिट भरते. परंतु शेगडीवर जवळपास निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते. विजेच्या कुकरमध्ये तवा आतच बसवलेला आणि भांडे झाकलेले असल्यामुळे नुकसान बरेच कमी होते. म्हणून एका सिलिंडरचे काम विजेच्या कुकरवर साधारण ११० युनिटमध्ये होते असे धरण्यास हरकत नाही.

यावरून सोपा नियम निघतो. आपल्या वीजबिलातील युनिटच्या दराला ११० ने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. दर सर्व आकार धरून ६ रुपये पडत असेल तर ६६० रुपये होतात. १२ रुपये पडत असेल तर १३२० होतात. पहिल्या घरात वीज परवडेल, दुसऱ्या घरात गॅसच बरा ठरण्याचा संभव जास्त.

येथे एक बारकावा आहे. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांनंतर चढतो. कुकरचे २० युनिट बिलाच्या वरच्या टोकाला जमा होतात, म्हणून सरासरी दर न घेता शेवटच्या टप्प्याचा दर घ्यावा. ज्याचे बिल ६०-७० युनिटचे आहे त्याला फायदा आहे. ज्याचे आधीच ३०० च्या आसपास आहे त्याने दोनदा विचार करावा. आमच्या आकड्यांवर विसंबूनही राहू नये. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद ठेवून स्वयंपाकाआधी आणि नंतर मीटर वाचावे. आठ दिवसांत खरे चित्र समोर येते.

कारखान्यात याचे मोल वेगळे

शिलाई, जरी आणि भरतकामाच्या अनेक कारखान्यांत कारागीर तिथेच राहतात, तिथेच जेवण करतात. कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी पेटती शेगडी ठेवणे म्हणजे भांडवल आणि माणसे दोन्ही धोक्यात घालणे होय. त्यातून घरगुती सिलिंडर कारखान्यात वापरण्यास कायद्याने परवानगीही नाही. विजेच्या कुकरला ज्योत नाही, हा येथे पैशांपेक्षा मोठा फायदा आहे.

पण आग तारेतूनही लागते. १००० वॅटचा कुकर चार-साडेचार अँपिअर वीज ओढतो. त्याच बोर्डावर इस्त्री आणि मशीन लावले तर तार तापते. म्हणून कुकरला भिंतीतील स्वतंत्र, अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग द्यावा. लोंबकळती जोडतार वापरू नये. वीज गेल्यावर घरातील लहान इन्व्हर्टरवर हा कुकर चालवण्याचा प्रयत्न करू नये, तेवढा भार तो पेलत नाही.

रोजचे जेवण : अंदाज

पुढील मिनिटे दाब आल्यानंतरची आहेत. दाब यायला दहा-पंधरा मिनिटे वेगळी लागतात.

१) तुरीची डाळ ८ ते १० मिनिटे.
२) रात्रभर भिजवलेले चणे १५ ते २० मिनिटे. न भिजवता ४० मिनिटांहून जास्त लागतात, म्हणजे भिजवणे हीच बचत.
३) तांदूळ ५ मिनिटे, नंतर १० मिनिटे तसाच ठेवावा. वाफ उडत नसल्यामुळे एका वाटीला सव्वा वाटी पाणी पुरते.
४) कोंबडी ८ ते १० मिनिटे, बकऱ्याचे गोश्त २५ ते ३०, म्हशीचे ३५ ते ४५.
५) पाये एक ते दीड तास. येथे खरी बचत होते, कारण एकदा दाब आल्यावर वीज थोडी लागते.

मसाला कुकरमध्येच भाजता येतो. मात्र तळाला चिकटलेला मसाला थोडे पाणी घालून खरवडावा आणि मगच झाकण लावावे. नाहीतर तळ जळतो आणि यंत्र मध्येच थांबते. पाणी उडत नसल्यामुळे सालन पातळ राहते, ते शेवटी झाकण उघडून आटवावे. रोटी, भाकरी आणि तळण यात होत नाही. तेव्हा गॅस पूर्ण सुटेल अशी आशा धरू नये.

काही कुकरमध्ये वेळ लावून ठेवण्याची सोय असते. सहरीसाठी रात्री डाळ-तांदूळ लावून झोपता येते. परंतु कच्चे गोश्त, मासळी किंवा दूध असे तासन्‌तास गरम हवेत ठेवू नये, ते नासते.

सावधगिरी

भांडे दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. डाळ, चणे आणि तांदूळ फुगतात, त्यांना निम्मेच भरावे. दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नये. डाळीची वाफ एकदम सोडू नये, फेस उसळून हात भाजतो. झाकणाचे रबर आणि वाफेचे भोक रोज साफ करावे. बाहेरचा डबा पाण्यात बुडवू नये आणि आतले भांडे गॅसवर चढवू नये.

घेताना काय पाहावे?

तीन माणसांना तीन लिटर, पाच-सहा माणसांना पाच-सहा लिटर पुरे. पोलादी भांडे जास्त टिकते, लेप दिलेल्या भांड्यात मसाला कमी चिकटतो पण खरवडल्यास लेप जातो. रबर आणि आतले भांडे सुटे मिळते का, दुरुस्ती आपल्या शहरात होते का, हे आधी विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. सुटा भाग मिळत नसेल तर स्वस्त मालही महाग पडतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

सारांश असा की, कमी वीज वापरणाऱ्या घराला आणि कारागिरांचे जेवण करणाऱ्या कारखान्याला हे यंत्र उपयोगी आहे. ज्या घरात बिल आधीच चढलेले आहे आणि गॅसवरचा कुकर चांगला चालतो आहे, तेथे शेजाऱ्याने घेतला म्हणून घेण्यात हशील नाही. आधी बिल काढा, ११० ने गुणा, मगच बाजाराला निघा.