वाइनच्या जिल्ह्यातलं सीमेवरचं नगर

आम्हा भिवंडीकरांना नगरपालिका म्हटलं की तुंबलेलं गटार, पाण्याची वेळ आणि घरपट्टीची नोटीस आठवते. २००१ साली पालिकेची महापालिका झाली, बोर्ड मोठा झाला, गटार तेच राहिलं. त्यामुळे गावाचं नगर होणं म्हणजे पाटी बदलणं, एवढीच माझी समजूत. बँकेच्या नोकरीत बदली होऊन नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याला गेलो आणि मामला वेगळाच निघाला.

नाशिकहून दिंडोरी, वणी करत सुरगाण्याकडे जाताना आधी द्राक्षबागा लागतात. नाशिकला देशाची वाइन राजधानी म्हणतात ते या पट्ट्यामुळे. गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनरीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली, दिंडोरीत शांदों आहे, निफाडात विंचूरला एमआयडीसीचं वाइन पार्क आहे. राज्य सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून करात सवलती दिल्या, तेव्हा या धंद्यानं खरा जोर धरला. वणी मागे पडली की बागा संपतात. पुढे सागाचं जंगल, भात, नागली, वरई. पाऊस धो धो पडतो, पण नार, पार, अंबिका या नद्या तो गुजरातेत घेऊन जातात आणि उन्हाळ्यात पाड्यांवरची माणसं टँकरची वाट पाहतात.

सुरगाणा हे देशमुखांचं जुनं छोटं संस्थान, १९४८ साली विलीन झालेलं. तालुक्यात द्राक्ष जवळजवळ नाही, पण द्राक्षाला लागणारे हात इथलेच. दसऱ्याच्या सुमारास मुकादम टोळ्या जमवतो आणि माणसं दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणी, काडी काढणं, विरळणी, घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) पाण्यात बुडवणं, सगळं एकरावर, उक्तं. होळीला ती घरी परततात, तेव्हा आमच्या काउंटरवर रांग लागायची. एक बाई अंगठा लावायच्या यंत्रावर पुन्हा पुन्हा बोट टेकवत होत्या आणि ठसा काही उठत नव्हता. हंगामभर विरळणीची कात्री धरून अंगठ्याच्या रेषाच बुजल्या होत्या. दुसऱ्या हाताचं बोट चाललं, पैसे मिळाले. कागदोपत्री त्या बाई 'नगरवासी' होत्या.

तालुक्याच्या गावांना सरसकट नगरपंचायती देण्याचं सरकारनं २०१४ च्या सुमारास ठरवलं, त्यात सुरगाणाही आलं. सतरा नगरसेवक, मुख्याधिकारी, निधीची नवी खाती. दिवे लागले, रस्ते झाले, ते नाकारायचं कारण नाही. गेलं ते मात्र कुणी मोजलं नाही. केंद्राच्या रोजगार हमीचं काम ग्रामीण भागाचं. म्हणजे वेशीअलीकडचा मजूर हक्कानं काम मागू शकत नाही, पलीकडच्या पाड्यावरचा मागू शकतो. त्याहून मोठी गोष्ट पेसाची. सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रात पंचायतींचा विस्तार) कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज आणि मद्याची विक्री-सेवन यांत बोलायचा अधिकार दिला. पण पेसा पंचायतींपुरता. शहरी भागासाठी तसाच कायदा करायचं विधेयक २००१ साली संसदेत मांडलं गेलं, त्याचा कायदा अजून झालेला नाही. गाव नगर झालं त्या दिवशी ग्रामसभा संपली. महिलांना मतदान घेऊन बाटली आडवी करता येते, म्हणजे दारूचं दुकान बंद पाडता येतं, पण ते प्रभागापुरतं.

दारूचा विषय इथे सहज सुटत नाही, कारण थोडं पुढे गेलं की बोरगाव, हातगड आणि मग सापुतारा. तिथून गुजरात, म्हणजे दारूबंदी. गंमत अशी की दोन्हीकडच्या कायद्याचं मूळ एकच, द्विभाषिकाच्याही आधीच्या मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी अधिनियम. १९६० नंतर गुजरातनं त्यातली बंदी ठेवली, आपण परवाने ठेवले. सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचा माल आहे, असं सत्तेतली मंडळी सांगत होती. विरोध झाला आणि तो निर्णय अडकला. मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासीसाठी असं कुणी बोललं नाही. तो याच कायद्याखाली गुन्हेगार.

त्याच वर्षाअखेरीस कर्नाटकाशी सीमावादात सांगलीकडच्या जतची गावं चर्चेत असताना सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावकऱ्यांनी निवेदन दिलं: सोयी द्या, नाहीतर गुजरातला जोडा. इकडे काहींनी त्याला फितुरी म्हटलं. मला ते हिशेबाचं बोलणं वाटलं. आजारी माणूस धरमपूर, वलसाडला नेणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांनी दुसरं काय म्हणावं? २०१८ च्या मार्चमध्ये हीच माणसं वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला चालत निघाली, तेव्हा आमच्या भिवंडी तालुक्यात सोनाळ्याच्या मैदानावर त्यांचा मुक्काम होता. सुरगाणा कुठे आहे, हे इथल्या अनेकांना तेव्हा कळलं.

सुरगाण्याला नगरपंचायत द्यायला हरकत नव्हती. मात्र अनुसूचित क्षेत्रातल्या नगरांसाठी संसदेचा कायदा आधी व्हायला हवा होता. पंचवीस वर्षं पडून राहिलेलं ते काम आता पुरं करावं, आणि तोवर आदिवासी तालुक्यातल्या आणखी कुठल्याही गावाला त्याच्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय नगर करू नये.