हौद्यातून गादीवर : कुस्तीच्या मेहनतीचा मागोवा

कुस्तीतली मेहनत कशी असावी हे पैलवानाच्या पायाखाली काय आहे यावर ठरते. महाराष्ट्रात कित्येक शतके पायाखाली माती होती आणि जोर, बैठका, मल्लखांब, नाल उचलणे हा सगळा सराव त्या मातीने घडवला. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत मातीच्या जोडीला गादी, म्हणजे मॅट, आली. डावांची नावे फारशी बदलली नाहीत, पण ते डाव मारताना अंगाने काय करायचे हे बरेच बदलले.

मल्लांच्या सरावाचे जुने आणि पद्धतशीर वर्णन बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या ग्रंथात भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहूंचा व्यायाम आणि स्तंभश्रम असे प्रकार दिले आहेत. वजन, चाल, पोहणे, हात आणि खांब ही ती विभागणी. शरीराच्या कोणत्या भागाला कोणते काम द्यायचे याचा विचार त्या काळीही झाला होता, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

खांबाची परंपरा पेशवाईच्या अखेरीस नव्याने उजळली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दिले जाते. आज मल्लखांब स्वतंत्र खेळ झाला असला तरी मुळात तो पैलवानाचा न थकणारा जोडीदार होता. एरंडेल तेल चोळलेल्या सागवानी किंवा शिसवी खांबाला मांड्यांची मिठी घालून अंग तोलताना जी पकड लागते, तीच पकड घामाने निसरड्या झालेल्या प्रतिस्पर्ध्यावर लागते. वरच्या टोकाकडे निमुळता होत जाणारा खांब मिठीचा घेर सतत बदलायला लावतो. जोड नसेल त्या दिवशीही पैलवान तिढे आणि उड्या घोटवू शकत असे.

तालमीत मेहनत आणि लढत असे दोन भाग असत, आणि मेहनतीचा कणा म्हणजे जोर. कंबर उंच ठेवून सुरुवात करायची, कोपरे वाकवत छाती जमिनीलगत पुढे न्यायची, पाठीला बाक देत मान वर काढायची आणि पुन्हा मागे जायचे. यात खांदे, दंड, मनगटे आणि पाठ एकाच लयीत काम करतात. खाली दबलेला पैलवान वरच्याला झुगारून उठतो तेव्हा त्याच्या शरीराची वाट बरीचशी हीच असते. बैठकीत टाचा उचलल्या जातात, त्यामुळे भार मांडीच्या पुढच्या बाजूवर आणि पोटऱ्यांवर येतो. करेल आणि मुद्गल ही लाकडी साधने फिरवल्याने खांद्याचा सांधा चौफेर मोकळा होतो. हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, खणणे ही तर मेहनतच. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मुरवलेली माती फावड्याने उलटीपालटी करताना कंबर आणि मनगटे आपोआप तयार होतात.

ही मेहनत हजारांच्या आकड्यांत मोजली जाई. ते अडाणीपणाने होत नव्हते. मातीतली निकाली कुस्ती घड्याळावर चालत नसे. दोन्ही खांदे मातीला टेकले, म्हणजे चितपट झाली, की संपली. पाय मातीत रुतत, घसरून आत शिरणे अवघड, म्हणून उभ्याने पकड घेऊन दमवणे आणि संधी साधणे हीच चाल. इथे दमसास, मान आणि पंजा यांना पहिले मोल. मात्र आकड्यांच्या नादात ढब बिघडलेल्या जोर-बैठका गुडघे आणि खांदे खराब करतात, ही त्या पद्धतीची खरी उणीव. ती भरून काढायचा तो अंग पाहून मेहनत ठरवणारा वस्ताद. उंच पोराला एक डाव, ठेंगण्याला दुसरा, ही निवड त्याच्या नजरेत असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्येला कोल्हापुरात मोठा राजाश्रय मिळाला. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. पंजाबी मल्ल तिथे येऊ लागले आणि त्यांच्या डावांनी कोल्हापुरी तालमींची कुस्ती समृद्ध झाली. याच काळात दुसरीकडे सामूहिक सरावाची रीत वाढत होती. बडोद्याच्या प्रा. माणिकरावांनी संघव्यायामाची आखणी केली आणि 1914 मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. रांगेत उभे राहून आज्ञेवर एकसाथ हालचाल करणे हे तालमीला परके होते. त्यामुळे व्यायाम शेकडो मुलांपर्यंत पोहोचला, पण एकेकाच्या अंगावरची नजर त्यात मागे पडली.

गादीशी खरी गाठ पडली ती 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तोवर मातीतच लढले होते, तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. प्रतिस्पर्ध्याला पकडून जमिनीवर फेकण्याचा ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये आणि गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण जिंकले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही, सगळा भार छाती, हात आणि कंबर यांवर असतो. मातीत उभ्याने घडलेल्या शरीराला ते मानवावे हे समजण्यासारखे आहे.

1961 मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि वस्तादाच्या शेजारी पदविकाधारक प्रशिक्षक उभा राहू लागला. त्याने आणलेल्या सरावात पट काढण्याचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला पाडण्याचे, टप्पे वेगळे पाडून शिकवले जात. आधी गुडघे वाकवून अंगाची पातळी खाली, मग पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमध्ये, गुडघा गादीला टेकवून पुढे सरकणे, मागचा पाय ओढून घेणे, आणि या सगळ्यात डोके वर. गादीवर बुटाचा तळवा धरतो आणि गुडघा सरकतो. म्हणून मातीत धोक्याचा ठरणारा हा शिरकाव इथे पहिला हल्ला बनतो.

सर्वांत बोलका बदल मानेच्या पुलाचा आहे. मातीत मानेवर अंग तोलून खांदे वाचवणे हा सुटकेचा मार्ग होता, कारण खांदे टेकेपर्यंत काहीच गमावले जात नसे. गादीवर पाठ नव्वद अंशांहून कमी कोनात गादीकडे झुकली की प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतात. पूल करून टिकून राहणारा पैलवान चितपट होत नाही, तरी गुणांवर हरू शकतो. म्हणून मान घडवण्याची मेहनत आजही होते, पण तिच्या जोडीला पाठ उघडीच पडू नये यासाठी पोटावर घट्ट पडून राहण्याचा आणि भारंदाज, म्हणजे कमरेला धरून लोळवण्याचा डाव, रोखण्याचा सराव लागतो. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची झाल्यामुळे लांब दमसासापेक्षा थोड्या वेळातले झटके आणि लगेच सावरणे महत्त्वाचे ठरले. हजार बैठकांची जागा काही प्रमाणात छोट्या वेगवान धावांनी, डमी फेकण्याने आणि वेळ लावून केलेल्या लढतींनी घेतली.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडतात. म्हणून मोठ्या तालमींत हौदा आणि मॅट दोन्ही ठेवावे लागतात, आणि एकाच पैलवानाला दोन प्रकारची उभी राहण्याची ढब अंगी बाणवावी लागते : मातीत थोडे ताठ, हात पुढे, पकडीच्या शोधात, गादीवर कंबरेतून वाकलेले, कोपरे अंगालगत, पाय राखत.